‘कोना?’ विचारणारे आप्पा

मला हात दिला म्हसावदच्या कोना आप्पांनी. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्याही होत्याच; पण पहिलं नाव आप्पांचं घेते. ते आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं मी माझ्या हुशारीवर केलं असं कुणाला तरी वाटायचं, आणि मग मला घास गोड लागायचा नाही.

मी नववीत शाळा सोडलेली बाई. आज बंगळुरूला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत बसते. खोलीत माणसं कमी, यंत्रं जास्त. गारठा एवढा की चैत्रातसुद्धा स्वेटर लागतो. समोर दोन पडदे. दुसऱ्यांनी केलेलं काम खरंच चालतं का ते करून बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, एवढंच माझं काम. इथे मला सगळे ‘अक्का’ म्हणतात, कानडीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. पहिल्या दिवशी ती हाक ऐकून मी मागे वळून पाहिलं. वाटलं, म्हसावदच्या आक्का आल्या की काय.

कोना आप्पा हे नाव गावानं ठेवलेलं. खरं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. रस्त्यात कुणी “आप्पा, राम राम” म्हटलं की ते थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “कोना?” म्हणजे, कुणाचा आप्पा? समोरचा गोंधळून म्हणायचा, तुम्हीच की. त्यावर ते शांतपणे सांगायचे, “मी मन्हा पुतण्यास्ना आप्पा शे. तुन्हा कोन लागस मी?” नातं सांगितल्याशिवाय राम राम घ्यायचे नाहीत. पोरं मुद्दाम हाक मारून पळायची. एक दूधवाला होता, रोजच्या या चौकशीला कंटाळून एकदा म्हणाला, “तुम्ही मन्ही म्हैसना आप्पा. तिनं दूध पेतस ना?” आप्पांना ते इतकं पटलं की त्या दिवसापासून त्याचा राम राम बिनतक्रार मंजूर झाला. म्हशीचीही ते चौकशी करायचे.

आमच्या खान्देशात हे वेड लागण्यासारखंच आहे म्हणा. घरातल्या थोराला कुणी नावानं हाक मारत नाही. आप्पा, नाना, बापू, आबा, तात्या. पाचसहा नावांत सगळा तालुका भागतो. माझं माहेर रनाळ्याचं, तिथेही तेच. एका गल्लीत चार आप्पा आणि पाच नाना. घरात बसून “नाना” म्हटलं की एकच माणूस ओ देतो, काही अडत नाही. गल्लीत उभं राहून “नाना” म्हणा, मग बघा किती दारं उघडतात.

आप्पांना हे वेड कशानं लागलं ते आक्कांनी मला सांगितलं. त्यांच्या शेजारच्या घरातलेही थोरले आप्पाच. ते वारले तेव्हा गावातल्या कुणी तरी सुरतेला फोनवर निरोप धाडला, “आप्पा गया.” तेवढाच. सुरतेला आमच्या आप्पांचा पुतण्या नोकरीला. त्यानं निरोप वाचला, रडला, वाटलं अंत्यविधी काही आपल्याला गाठता येत नाही, म्हणून तिथंच न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून घेतलं आणि गाडीत बसला. दुपारी तो म्हसावदला उतरला, घराच्या ओट्यावर आला, तर आप्पा पाय सोडून पपई कापत बसलेले. पुतण्या ओट्यावरच मटकन बसला. आप्पांनी त्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं, पपईची फोड पुढे केली आणि विचारलं, “कोना आप्पा गया रे, भो?”

हसण्यावारी गेलं सगळं. पण आक्का म्हणायच्या, त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. निरोप खरा होता, पत्ता खरा होता, नावही खरं होतं, आणि तरी तो चुकीच्या घरात गेला. पुण्यात आणि नंतर परदेशात वीसेक वर्षं ते संगणकात हेच काम करून आले होते, कोणतं नाव कोणत्या घरातलं ते ठरवायचं. वर्षानुवर्षं कागदावर ज्याच्याशी भांडले ते त्यांच्या ओट्यावर डोकं भादरून येऊन बसलं.

त्यांचं काम काय ते मला जसं कळलं तसं सांगते. संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामांच्या सगळ्यात तळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. सगळ्या यंत्राचा कारभार त्याच्या हाती. आता एकाच मोठ्या यंत्रात पुष्कळ लोकांची कामं चालतात, आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की या यंत्रात आपण एकटेच आहोत. म्हणून कर्नेल आत वेगवेगळी घरं करून देतं. इंग्रजीत त्याला नेमस्पेस म्हणतात. आप्पा घरच म्हणायचे. स्वतःचं घर दाखवायचे. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वाटणी होऊन वायले निघालेले. अंगण एक, विहीर एक, चुली दोन. आक्कांच्या चुलीवरचं दूध उतू गेलं तर धाकट्या जाऊबाईंनी पदर खोचून धावायचं नाही, अन त्यांच्या डब्यातलं तिखट आक्कांनी न विचारता घ्यायचं नाही. विहीर म्हणजे कर्नेल, चुली म्हणजे घरं.

नेटवर्कला अशी घरं कधीच मिळाली होती. अडचण डिस्कची होती. मोठ्या कामात डिस्क यंत्राच्या पोटात नसते. ती दूर कुठे तरी असते आणि नेटवर्कच्या वायरीतून आणून जोडतात. वायर घरातली, पण त्या वायरीतून आलेली डिस्क मात्र ओसरीवर ठेवल्यासारखी सगळ्यांना दिसायची. प्रत्येक जोडणीला एक नंबर. दुसऱ्या घरातल्या कुणी “तीन नंबर बंद कर” म्हटलं की पहिल्या घरातली डिस्क बंद. कर्नेल “कोना?” असं विचारतच नव्हतं. त्याला ते विचारायला शिकवायचं, हा आप्पांनी घेतलेला वसा. नोकरी सोडून आले, केळी आणि पपई लावली, आणि मिरचीच्या जुन्या गोदामात तीन यंत्रं मांडून बसले.

मिरचीचं गोदाम ही त्यांची दुसरी तऱ्हा. सिमेंटचा पत्रा, जाड भिंती, आत गार, म्हणून यंत्रांना बरं, असं त्यांचं म्हणणं. पण वर्षानुवर्षं साठवलेल्या मिरचीची धूळ भिंतींत मुरलेली. यंत्रांचे पंखे सुरू झाले की ती उडायची. आत शिरणारा प्रत्येक माणूस आधी तीन शिंका द्यायचा, मग बोलायचा. आप्पा स्वतः शिंकायचे आणि यंत्राला “चिरंजीव” म्हणायचे. शेतीची थ्री फेज वीज ज्या आठवड्यात दिवसा असेल तो त्यांचा कामाचा आठवडा. पंपही तेव्हाच, यंत्रंही तेव्हाच. एका हातानं केळीला पाणी आणि दुसऱ्यानं कर्नेल. चिखलाचे पाय घेऊन खुर्चीत बसायचे.

भाषेचंही त्यांचं असंच. घरात त्यांच्या गुजर समाजाची गुजरी, गल्लीत अहिराणी, कागदावर शाळेतली मराठी, पत्रांत इंग्रजी. एकात दुसरी मिसळायची नाही. आमच्याशी अहिराणीत बोलता बोलता उंबरा ओलांडला की आक्कांशी गुजरी सुरू, मधलं वाक्य अर्धं तुटलं तरी चालेल. आक्का वैतागून आमच्या अहिराणीत मला म्हणायच्या, “देख व बेन, घरमा आधीच दोन चुल्ह्या. आते ह्या यंत्रमा बी वाटन्या करी ऱ्हायनात.”

मी त्यांच्याकडे कशी आले तेही सांगते. माझं सासर सुटलं होतं. सहा वर्षांनी. थोरल्या बहिणीकडे म्हसावदला येऊन राहिले होते आणि एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात टंकायला बसायचे. सातबारा, दाखले, अर्ज. टंकन तेवढं मला येत होतं. माणसं यायची आणि म्हणायची, आप्पाचा उतारा काढ, नानाचा अर्ज भर. मी प्रत्येक घराचं एक फोल्डर केलं होतं आणि आत फाइलीला नुसतं ‘आप्पा’, ‘नाना’ असंच नाव द्यायची. एक दिवस दुकानाच्या मालकानं ते बघितलं आणि भडकला. चाळीस फाइली, सगळ्यांचं नाव आप्पा, उद्या कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढवशील, असं गिऱ्हाइकांसमोर बोलला. मी घाबरट आहे, आजही आहे. कुणी आवाज चढवला की चूक माझीच असं मला आधी वाटतं, मग खरं काय ते बघते. तरी त्या दिवशी हळूच म्हटलं, “भाऊ, घर येगळं शे ना. मंग नाव एकच चालस.”

रांगेत चिखलाच्या पायांचा एक माणूस उभा होता. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि मला पुन्हा एकदा तेच वाक्य म्हणायला लावलं. मग मालकाला म्हणाला, ह्या बाईनं जे केलं ते जगातल्या मोठमोठ्या लोकांना सांगताना माझे केस गेले. मालक म्हणाला, तर मग घेऊन जा. ते घेऊन गेले.

मी गोदामात बसू लागले. काम असं होतं: एका यंत्रावर दोन घरं करायची. दोघांत डिस्क जोडायची. मग एका घरात बसून दुसऱ्या घरातलं काही दिसतं का ते बघायचं, दुसऱ्याचा नंबर सांगून बंद होतं का ते बघायचं, एक घर मोडायचं आणि दुसऱ्याला धक्का लागतो का ते बघायचं. पडद्यावर दोन खिडक्या, एक काळी, एक निळी. काळी पहिल्या घराची, निळी दुसऱ्याची. प्रत्येक खेपेला वहीत एक ओळ. सगळं व्हायला हवं तसं झालं की ‘ठीक’. सुरुवातीला मी काळी समजून निळीतच टंकायचे. आप्पा रागवायचे नाहीत. “तू आते कोना घरमा शे?” एवढंच विचारायचे, आणि मी खिडकीचा रंग बघायची.

त्यांचा बदल तयार झाला की तो पत्रानं जगभरच्या लोकांना पाठवायचा. तिथे माणसं एकमेकांना कधी न बघता वर्षानुवर्षं भांडतात. नापास झालं की पुन्हा लिहायचं. आप्पांचे आठ-नऊ वेळा नापास झाले होते. प्रत्येक नापास पत्र ते छापून घ्यायचे आणि केळीच्या बागेत फिरत मोठ्यानं वाचायचे. या खेपेला त्यांनी म्हटलं, खाली तुझं नाव जाईल. ‘टेस्टेड बाय’ अशी ओळ असते, ज्यानं करून बघितलं त्याचं नाव तिथं लिहितात. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, नाव खरं आणि पूर्ण हवं, कोणतं लिहू?

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण माझी नावं दोन होती. लग्नात सासरी तांदळावर माझं नाव बदललं होतं. सहा वर्षं मी त्या नावाला ओ दिली. कागदपत्रांत तेच. माहेरी मात्र कुणी ते कधी उच्चारलं नाही. कागदावर दुसरंच आहे, एवढंच मी म्हटलं. आप्पा म्हणाले, कागद काय म्हणतो ते सोड, मागून कुणी हाक मारली तर तू कोणत्या नावाला वळतेस? मी माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी ते टंकलं. ते नाव इंग्रजी अक्षरांत मी पहिल्यांदा बघितलं, खाली शेवटच्या ओळीत.

पंधरा दिवसांनी एक पत्र आलं. परदेशातल्या एका बाईचं. फार सभ्य पत्र होतं. त्यांच्या यंत्रावर, पहिलं घर मोडत असताना नेमकं त्याच वेळी दुसऱ्या घरातून डिस्कची यादी मागितली, तर क्षणभर पहिल्या घराची डिस्क दुसऱ्या घराच्या यादीत दिसते. रोज नाही, कधी तरी. ज्यांनी तपासलं त्यांना हे दिसलं होतं का?

आप्पांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं आणि विचारलं, “तुले दिसनं व्हतं का हाई?”

मी म्हटलं, नही.

दिसलं होतं. एकदा. निळ्या खिडकीत काळ्या घराची डिस्क, तिच्या नंबरासकट. मी वहीत तसं लिहिलंही होतं. मग मला वाटलं, मी पुन्हा चुकीच्या खिडकीत टंकलं असणार. पुन्हा करून बघितलं, दिसलं नाही. पुन्हा, नाही. मग ती ओळ मी निळ्या पेनानं गिरगटून गिरगटून खोडून टाकली आणि वर लिहिलं, ठीक. ज्या बाईला काळं-निळं कळत नाही तिनं कर्नेलची चूक काढायची, हे माझ्याच्यानं झालं नाही.

त्यानंतर दोन दिवस मी गोदामात गेले नाही. बहिणीला सांगितलं डोकं दुखतंय. मनात एकच. खाली माझं नाव आहे. माझ्या नावावर आप्पांनी सगळ्या जगाला सांगितलं की हे तपासलंय, आणि ते खोटं आहे. आठ-नऊ वेळा नापास झालेला माणूस या खेपेला माझ्यामुळे खोटा पडणार. सांगितलं तर मला पुन्हा दुकानाच्या त्या खुर्चीत बसावं लागेल. नाही सांगितलं तर ते शोधत बसतील, आणि जे शोधायचं ते माझ्या वहीत खोडलेलं पडलंय. बहीण भाकरी थापत होती. तिला काही माहीत नव्हतं, तरी मध्येच म्हणाली, डोकं दुखणारं माणूस पडून राहतं, असं भिंतीकडे बघत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन गेले. गोदामाच्या दारात तीन शिंका दिल्या. आप्पा जमिनीवर बसून वायरी सोडवत होते. “आप्पा,” मी म्हटलं.

“बोल, बेन.”

कोना, असं त्यांनी विचारलं नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. बंगळुरूच्या गाडीत, भुसावळ सोडल्यावर कधी तरी आलं, आणि मग कर्नाटकात शिरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

मी पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “माले दिसनं व्हतं. माले वाटनं मन्हीच चूक शे. म्हनीसन ठीक लिखं.”

ते वही घेऊन उठले, खिडकीशी गेले, ते पान उजेडासमोर धरलं. खोडलेल्या शाईखालची अक्षरं मागच्या बाजूनं उलटी उमटली होती. आरसा मागवला. आक्का आरसा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. मला विचारलं, ह्यांना या वयात काय झालं? आप्पा आरशात बघून एकेक अक्षर वाचत होते. मग म्हणाले, “खरं तं तू लिखेल व्हतं आठे. मंग खोटं कसाले करं?”

मी रडायला लागले. नववीत शाळा सोडल्याचं, खिडक्या चुकल्याचं, सगळं एकदम सांगायला लागले. आक्कांनी मला पाणी दिलं आणि आप्पांना डोळ्यांनी दटावलं. आप्पांनी चष्मा पुसला.

“हाई देख, बेन,” ते म्हणाले. “माले चूकनी भीती नही वाटत. माले ‘ठीक’नी भीती वाटस.”

पुढं जे झालं ते मी किती वेळा मनात करून बघते. मला वाटलं ते पत्राला उत्तर देतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. नाव तुझं आहे, विचारलंय तुला, उत्तर तूच दे. मराठीत लिही, इंग्रजी मी सांगतो, पण टंकायचं तू. मी लिहिलं: मला हे दिसलं होतं, मी फक्त नववीपर्यंत शिकलेली आहे म्हणून मला माझीच चूक वाटली, मी ठीक लिहिलं, मला माफ करा. आप्पांनी वाचलं आणि नववीच्या ओळीवर बोट ठेवलं. “तठे कोनी शाळा इचारेल नही. काढ ती ओय.” माफीची ओळ राहू दिली. म्हणाले, ती कामाची आहे. मग आरशातून वाचलेलं सगळं टंकायला लावलं, नंबरासकट, कशानंतर काय झालं त्या क्रमानं.

त्या क्रमातच सगळं होतं. मी ओळ लिहिली तेव्हा काय आधी गेलं आणि काय मागे राहिलं तेही लिहून ठेवलं होतं, भाबडेपणानं, जसं दिसलं तसं. घर मोडताना घराची पाटी आधी निघत होती आणि डिस्क मागून. मधल्या त्या पापणीएवढ्या वेळात डिस्क बिनघरची. बिनघरची म्हणजे सगळ्यांची. आप्पांनी दोन दिवसांत ते दुरुस्त केलं: आधी घरातलं सामान बाहेर, मग पाटी. आक्का म्हणाल्या, एवढं तर घर बदलणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. आप्पा म्हणाले, विचारलं नाही तीच तर चूक झाली, म्हणून उशीर झाला.

परदेशातल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानले होते. माझं नाव लिहून. त्या पानावर दुसरं कुणाचं नाव नव्हतं. आणखी दोन खेपा नापास झाल्या, मग काम मंजूर झालं. आप्पांनी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. केळीला पाणी दिलं आणि दूधवाल्याला म्हशीची खबर विचारली.

नंतरची गोष्ट सांगू की नको असं होतं, पण सांगायलाच हवी, नाहीतर आप्पा देवासारखे वाटायचे आणि तसे ते नव्हते. त्याच बाईंच्या कंपनीची बंगळुरूला प्रयोगशाळा होती. त्यांनी आप्पांना पत्र घातलं की असं जसं दिसेल तसं लिहिणारं माणूस आम्हाला हवंय, त्या येतील का? आप्पांनी ते पत्र मला दाखवलं नाही. पंधरा-वीस दिवस. रोज मी जायची, रोज ते काही तरी नवीन काम काढायचे, आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. शेवटी आक्का गोदामात आल्या, शिंकल्या, आणि माझ्यासमोर, माझ्याच अहिराणीत, म्हणजे मलाही कळावं म्हणून, त्यांना म्हणाल्या, “सांगी टाका ना तिले. किती दिन दाबी ठेवशात?”

आप्पांचे कान लाल झाले. पत्र खिशातच होतं, घडी पडून पडून मऊ झालेलं. ते माझ्या हातात देताना म्हणाले, “मी बी ठीक लिखं, बेन.”

मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला कुणी जाऊ नये म्हणून दाबून ठेवावं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. मी म्हटलं, मी जात नाही. ते म्हणाले, जायचंय. आक्का आत गेल्या आणि माझ्यासाठी मिरच्या कुटायला बसल्या. तिकडचं तिखट लागत नाही असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं.

आता तीन वर्षं झाली. इथे माझी खोली नीट आहे, बायका चांगल्या आहेत, काम येतं. मन मात्र लागत नाही. रविवारी मी खिडकीशी बसून स्वतःशीच अहिराणीत बोलते, बहिणीशी भांडल्यासारखी, नाहीतर जीभ विसरेल अशी भीती वाटते. संत्रं सोलताना म्हसावदच्या बाजारातल्या पपईचा वास आठवतो. डब्यातलं आक्कांचं तिखट उघडलं की शिंक येते, आणि शिंक आली की मी थोडा वेळ डबा तसाच उघडा ठेवते. इथल्या कॅन्टीनमधली मुलगी विचारते, सर्दी झाली का? मी हो म्हणते. कसं सांगायचं तिला?

कामात अजूनही भीती वाटते. पडद्यावर जे दिसतं ते लिहिताना अजून हात थांबतो, की माझंच चुकलं असेल. मग लिहिते. दोनदा माझंच चुकलं होतं. चारदा नव्हतं.

गेल्या महिन्यात आक्कांचा फोन आला. आप्पांना काचबिंदू झालाय. एक डोळा जवळपास गेला, दुसरा राहील तितका राहील. पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. पत्रं छापून आणतात, पण इंग्रजी वाचून दाखवायला घरात कुणी नाही. आक्का म्हणाल्या, बागेत फिरतात, हातात कागद असतो, पण वाचत नाहीत. मी आप्पांना फोन द्यायला सांगितलं. ते केळीचं बोलले, विजेचं बोलले, डोळ्याचं बोलले नाहीत. मग म्हणाले, कार्डवाल्याचं राहून गेलं.

ते काय ते मला माहीत आहे. आमचं जे मंजूर झालं ते साध्या वायरीवरच्या डिस्कचं. काही यंत्रांत त्यासाठी वेगळी कार्डं बसवतात, आणि त्या कार्डांवरून आलेल्या डिस्क अजूनही ओसरीवरच आहेत, सगळ्यांना दिसतात. ती कार्डं महाग, गोदामात कधी आली नाहीत, म्हणून आप्पांनी ते काम कायम “पुढल्या साली” म्हणून ठेवलं होतं. इथं माझ्या मागच्या कपाटात तशी तीन कार्डं आहेत.

मी तपासणारी आहे, लिहिणारी नाही. कर्नेलची एक ओळ वाचायला मला दुसऱ्यांना लागतो त्याच्या चौपट वेळ लागतो. तरी साहेबांना विचारलं, कामाची वेळ संपल्यावर ती कार्डं वापरू का? ते म्हणाले, वापर. मी कर्नेलच्या त्या कार्डवाल्या भागाचं पहिलं पान उघडलं आहे. त्यातलं निम्मं मला कळत नाही, आणि कळत नाही तिथं ‘कळत नाही’ असं समासात लिहून ठेवते आहे.

आप्पा, किती वर्षं लागतील ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही. पण एक दिवस कार्डवाल्या डिस्क मी घरात नेऊन ठेवीन. मग सुट्टी काढून म्हसावदला येईन, आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बागेत तुमच्याबरोबर चालत मोठ्यानं वाचून दाखवीन. नापास झालेलंसुद्धा.